कुठनं आणलास?

गेल्या महिन्यात पोरगं शाळेतून नवीकोरी कंपासपेटी घेऊन आलं. आमची नव्हती. मी नुकताच कामावरून येऊन चपला काढत होतो. "कुठनं आणलास?" असं विचारलं आणि त्यानं तोंड उघडायच्या आत माझा हात बसला होता.

मित्राची होती. गृहपाठापुरती मागून आणलेली.

दहा वर्षांचं पोर, पण रडलं नाही. पाठ भिंतीला लावून, हनुवटी छातीत घालून उभं राहिलं. मीही असाच उभा राहायचो.

आम्ही फासेपारधी. माझ्या लहानपणी गावात कुणाची शेळी जरी गेली तरी पोलिसांची जीप आमच्या पालापुढं थांबायची आणि पहिला सवाल हाच: कुठनं आणलास? ताटली, घोंगडी, आईच्या पायातलं पैंजण, कशाकडंही बोट दाखवून. बाला घेऊन जायचे. परत आला की दोन दिवस तो कुणाशी बोलायचा नाही. तिसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून पट्टा हातात घ्यायचा. आधी आई, मग आम्ही.

त्यामुळं आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात सोनंनाणं नाही, पावत्या आहेत. मिक्सर, पंखा, सायकल, माझा पहिला टेस्टर आणि पक्कडसुद्धा. हल्ली मशीनमधून निघणाऱ्या पावत्या वर्षभरात पांढऱ्या पडतात, म्हणून बा त्यांची झेरॉक्स काढून ठेवतो. वस्तू भंगारात गेली तरी पावती जात नाही. बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, सासरा हिशेबाचा पक्का आहे.

त्या रात्री बा माझ्या अंथरुणाशेजारी येऊन बसला. मला वाटलं, नातवाला मारलं म्हणून बोलेल. तो आज्याविषयी बोलायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा.

आजा सोलापूरच्या सेटलमेंटात वाढला, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायच्या वस्तीत, तारेच्या आत. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९११ नंतर तो कायदा आणखी पसरला. ठरल्या वेळेला हजेरी, बाहेर पडायला पास, बोटांचे ठसे. पोरांना आईबापापासून काढून वेगळं ठेवायची सोय त्या कायद्यातच होती, आणि आज्याला तसंच ठेवलं होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. आज्याची हजेरी काही गेली नाही. म्हातारपणीही पहाटे उठून दारात उभा राहायचा, आणि आजी "हाय, हाय, सगळी हायेत" म्हणेपर्यंत आत यायचा नाही.

"त्याला बाप कुठं बघायला मिळाला?" बा म्हणाला. "वॉर्डर बघितला त्यानं. तसाच वागला माझ्याशी. आन् मी..." पुढं बोलला नाही. माझ्या दंडावर हात ठेवला, जिथं बकलाचा वण आहे तिथंच. अंधारात त्याला जागा बरोबर सापडली.

मी माफ केलं का? खरं सांगायचं तर अजून कळत नाही. आईला विचारायला ती राहिली नाही.

सकाळी बा नातवाला घेऊन त्या मित्राच्या घरी गेला, कंपासपेटी परत द्यायला. पुढच्या रविवारी आम्ही तिघं सेटलमेंट फ्री कॉलनीच्या बाजूला जाऊन आलो. हो, वस्तीचं नावच तसं आहे. तार आता कुठं दिसत नाही. घरं, दुकानं, रिक्षा. एका कोपऱ्यावर बा थांबला आणि पोराशी आमच्या पारधी बोलीत बोलायला लागला, मोठ्यानं, भर रस्त्यात. ही बोली गुजरातीच्या अंगानं जाते. घराबाहेर ती बोलायची नाही, हा त्याचाच नियम होता. पोराला निम्मं कळलं, निम्मं मी सांगितलं.

येताना मी पोराला कंपासपेटी घेऊन दिली. त्याला सॉरी म्हणालो. त्यानं खांदे उडवले आणि कर्कटकाचं टोक तपासत बसला. अजून मी जवळ गेलो की किंचित मागं सरकतो. ते मला दिसतं.

पावती माझ्या शर्टाच्या खिशात राहिली. शर्ट धुवायला गेला आणि तिचा लगदा झाला. दोरीवरचे कपडे काढताना बाच्या हाताला तो लागला.

"कागद ऱ्हायला व्हता खिशात," म्हणाला, आणि बोटानं खरवडून टाकून दिला.