वॉचटॉवर: डिलन आणि हेंड्रिक्स परत ऐकताना

परवा रात्री हेडफोन लावून एकच गाणं लागोपाठ आठ-दहा वेळा ऐकलं, पण दोन माणसांच्या आवाजात. ऑल अलाँग द वॉचटॉवर. एकदा ते लिहिणारा गायक बॉब डिलन, मग गिटारवादक जिमी हेंड्रिक्स, परत डिलन, परत हेंड्रिक्स. आणि इतकी वर्षं जे मत मी छातीठोकपणे सांगत आलो ते आता बदललंय, म्हणून लिहायला बसलो.

कॉलेजात असताना मामेभावाने हेंड्रिक्सचं व्हर्जन ऐकवलं होतं, तेव्हा हे गाणं दुसऱ्या कुणाचं असेल अशी शंकासुद्धा आली नाही. हे कव्हर आहे, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने गायलेलं, हे दोन-तीन वर्षांनी कळलं, मग मूळ शोधून ऐकलं आणि खरं सांगतो, फार निराश झालो. जेमतेम अडीच मिनिटांचं गाणं, एक अकूस्टिक गिटार, बास, ड्रम्स, माउथ ऑर्गन, बस. आणि डिलन गातोय पण असा की कुणीतरी ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगून टाकतंय, कुठेही आवाज चढवत नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगायचो की डिलनचा नुसता आराखडा आहे, घर हेंड्रिक्सने बांधलं.

डिलनने हे नॅशव्हिलमध्ये नोव्हेंबर १९६७ मध्ये रेकॉर्ड केलं, जॉन वेस्ली हार्डिंग हा अल्बम डिसेंबरच्या अगदी शेवटी आला, आणि त्यानंतर महिना व्हायच्या आत, जानेवारी १९६८ मध्ये, हेंड्रिक्स लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत तेच गाणं वाजवत होता. महिना पण नाही! म्हणजे गाणं कानावर पडल्या पडल्या त्याला आतून काहीतरी दिसलं असणार. सेशनमधून त्याच्या बँडचा बासवादक नोएल रेडिंग उठून गेला तर बाससुद्धा हेंड्रिक्सने स्वतः वाजवला. ट्रॅफिक बँडचा डेव्ह मेसन बारा तारांची गिटार घेऊन होता. पुढे न्यूयॉर्कला त्यावर अजून थर चढले आणि शेवटी ते त्याच्या इलेक्ट्रिक लेडीलँड या अल्बमवर आलं.

हेंड्रिक्सच्या व्हर्जनची सुरुवातच बघा ना. गिटारचे ते तुटक जोरदार फटके, मधूनच व्हायब्रास्लॅप या तालवाद्याचा कडकडाट, हाडं खुळखुळावीत तसा, आणि मग लीड गिटार वरून झेपावत येते. दुसऱ्या कडव्यानंतरचा सोलो तर मी शाळेतल्या कवितेसारखा पाठ केलाय. त्याचे सरळ चार भाग आहेत. आधी साधं, जवळजवळ गायल्यासारखं वाजवतो, मग स्लाइड, म्हणजे तारांवरून कडक वस्तू सरकवत, लांबून पाण्यावरून तरंगत आल्यासारखी, मग पायाने चालवायचं वाह-वाह पेडल, तिथे गिटार अक्षरशः बोलायला लागते, आणि शेवटी नुसत्या कॉर्ड्स, धडाधड. प्रत्येक भाग आधीच्याला उत्तर देतो. एकही सूर दाखवायला म्हणून वाजवलेला नाही.

मग मत बदललं कशाने? तर गेल्या महिन्यात मी डिलनचं व्हर्जन गिटारवर बसवायला घेतलं. तीनच कॉर्ड आहेत. दोन पायऱ्या खाली उतरायचं, परत वर चढायचं, परत उतरायचं, पूर्ण गाणंभर तेवढंच, ध्रुवपद नाही, मध्ये चाल बदलणारा वेगळा तुकडा (ब्रिज) नाही, कुठेच समेवर आल्यासारखं वाटत नाही. तिसरं कडवं संपलं तरी हात थांबत नव्हता, कारण थांबायला जागाच नाही त्या चालीत. आणि तेव्हा शब्दांकडे नीट लक्ष गेलं. विदूषक आणि चोर बोलतायत, विदूषकाला सुटकेचा रस्ता हवाय, चोर त्याला शांत करतोय की आता खोटं बोलायला वेळ उरला नाही. तिसऱ्या कडव्यात एकदम बुरुज येतो, पहारा येतो, लांब कुठेतरी रानमांजर गुरगुरतं, दोन घोडेस्वार येताना दिसतात, वारा घोंघावायला लागतो. आणि गाणं संपलं. म्हणजे जिथे गोष्ट सुरू व्हायला पाहिजे तिथे डिलन थांबतो. ते दोन घोडेस्वार म्हणजेच विदूषक आणि चोर असतील तर आपण फिरून पहिल्या ओळीपाशी आलो, मला तरी तसंच वाटतं.

आता हे कळल्यावर तो सपाट आवाज मला सपाट वाटेना. संकट अजून आलेलं नाही, फक्त चाहूल लागलीय, आणि चाहूल लागलेला माणूस ओरडत नाही ना, हळूच बोलतो. बास ऐका एकदा मुद्दाम, चार्ली मॅकॉयचा आहे, वर डिलन शांत आणि खाली तो बास सारखा धावतोय. आणि मध्ये मध्ये माउथ ऑर्गन असा टोचतो की कुणीतरी दचकून मान वर केल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं मला तो कर्कश वाटायचा.

हेंड्रिक्सचं महत्त्व याने तसूभरही कमी होत नाही, उलट वाढलंच. डिलन वाऱ्यापाशी थांबला आणि हेंड्रिक्सने तो वारा वाजवला. शेवटच्या ओळीनंतर त्याची गिटार वर वर चढत जाते, एकाच सुरावर किंचाळते, तो ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ असं ओरडत राहतो, ते शब्दांच्या पलीकडचं आहे. शब्द तर त्याने दोन-तीन ठिकाणी वेगळेच गायलेत आणि काही फरक पडत नाही.

लोक नेहमी सांगतात की खुद्द डिलननेच पुढे हे गाणं हेंड्रिक्सच्या धाटणीने वाजवायला घेतलं, १९७४ च्या टूरपासून. खरंय ते. हेंड्रिक्स १९७० मध्ये गेला आणि त्यानंतर आपण ते त्याच्यासारखंच वाजवतो असं डिलनने स्वतः सांगितलंय, दोन हजारांपेक्षा जास्त वेळा त्याने ते स्टेजवर गायलंय. पण यावरून मूळ रेकॉर्डिंग कच्चं होतं असं जे म्हणतात ते मला आता अजिबात पटत नाही. पंचवीस वर्षांच्या पोराने आपलं गाणं एवढं उंच नेलं आणि सत्ताविसाव्या वर्षी तो गेला, तर दुसऱ्याने ते तसंच वाजवत राहावं यात मला फक्त प्रेम दिसतं.

यू टू या बँडने पण केलंय हे, १९८८ मध्ये, ते ऐकून झालं आणि विसरूनही गेलो.

तुम्ही ऐकणार असाल तर क्रम डिलन, मग लगेच हेंड्रिक्स, मध्ये दुसरं काही लावू नका. डिलनचा माउथ ऑर्गन हळूहळू विरत जातो, दोन सेकंद काहीच नाही, आणि मग ते पहिले फटके पडतात. परवा मी दर वेळी त्या दोन सेकंदांत श्वास रोखून बसलो होतो.