डिसेंबरअखेरचे पाहुणे

नागपूरहून काटोलकडे जाणारा रस्ता सोडून थोडे आत गेले की एका बाजूला संत्र्याच्या बागा आणि दुसऱ्या बाजूला कपाशीची शेते लागतात. तेथे असलेल्या एका सेवाभावी संस्थेच्या निवासी केंद्रावर मी बऱ्याच वर्षांपासून स्वयंसेवक म्हणून काम करते आहे. वर्षभर तेथे शिक्षकांची शिबिरे होतात, बचत गटांची प्रशिक्षणे होतात आणि काही दिवस शांतपणे राहू इच्छिणारी माणसे येऊन जातात. नाताळच्या सुट्टीपासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ मात्र या सगळ्याहून वेगळा असतो. शाळा बंद असतात, नोकरदारांना शिल्लक रजा संपवायची असते, पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली मुले आईवडिलांकडे आलेली असतात, आणि मग कोणाला तरी आमच्या केंद्राची आठवण होते. फोनवर पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, ‘तुमचे पॅकेज काय आहे?’

प्रश्न विचारणाऱ्याचा त्यात काहीही दोष नाही. नागपूरच्या चहूबाजूंनी फार्महाऊस आणि रिसॉर्ट झाले आहेत, हुरडा पार्टीचे दर ठरलेले आहेत, त्यामुळे गावाकडे राहायला जायचे म्हणजे पॅकेज असणारच, असे वाटणे स्वाभाविक आहे. आमच्याकडे पॅकेज नाही. येथे येणाऱ्याने रोज काही तास केंद्राचे काम करायचे असते, आणि हा नियम सुट्टीच्या गर्दीतही शिथिल करू नये असे माझे ठाम मत आहे. ते का, हे फोनवर दोन मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत मोठे कारण शेतीचे आहे. शहरात डिसेंबरचा शेवट म्हणजे सुट्टी. आमच्या गावात हाच काळ ऐन कामाचा असतो. कपाशीचा दुसरा-तिसरा वेचा चालू असतो, आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी चालू असते, तूर कापणीला येत असते आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे असते. एरवी आमच्या स्वयंपाकघरात मदतीला येणाऱ्या बाया या दिवसांत वेचणीला जातात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते; सकाळी दव सुकले की शेतात उतरायचे आणि ऊन कलेपर्यंत ओटीत कापूस भरत राहायचा. वर्षातले हे मोजके आठवडे हाताशी चार पैसे येण्याचे असतात. पाहुणे आले म्हणून त्यांना तेथून उठवून आमच्या चुलीपुढे बसवणे मला कधीच योग्य वाटले नाही. म्हणजे केंद्रावर माणसे सर्वाधिक आणि कामाला हात सर्वांत कमी, अशी स्थिती दरवर्षी याच पंधरवड्यात येते. तेव्हा भाजी चिरणे, भांडी घासणे, अंगण झाडणे, संडास धुणे ही कामे पाहुण्यांनीच वाटून घेतली पाहिजेत, एवढा साधा हा हिशेब आहे.

हा नियम आम्ही काढलेला नाही. नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ साली तेथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. सेवाग्राम हे नाव १९४० साली पडले. आश्रमातील पहिल्या घरात, म्हणजे आदी निवासात, स्वतः गांधीजी, त्यांचे सहकारी आणि आलेगेले पाहुणे एकत्रच राहत असत, आणि सफाईपासून सूतकताईपर्यंतच्या कामांत पाहुण्यांनाही वाटा उचलावा लागे. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ साली स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनींनीही शेती, स्वयंपाक आणि साफसफाई आपल्याच हातांनी करण्याचा शिरस्ता ठेवला आहे. विदर्भात अशा जागा आहेत म्हणूनच आमच्यासारख्या लहान केंद्राला पाहुण्याच्या हाती झाडू देताना संकोच वाटत नाही.

योगायोगाने आमच्या सुट्टीचा आरंभही झाडूनेच होतो. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली अमरावतीजवळ त्यांचे देहावसान झाले. आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम होता, आणि वाटसरूंसाठी त्यांनी पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. त्या दिवशी आम्ही आणि गावातील शाळेची मुले मिळून केंद्रापासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता झाडतो. पुढे २४ तारखेला साने गुरुजींची जयंती येते, २५ तारखेला नाताळ आणि २६ तारखेला बाबा आमटे यांची जयंती. मग नवे वर्ष, आणि ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती. एका पंधरवड्यात इतके दिवस ओळीने आलेले असताना पाहुण्यांच्या करमणुकीसाठी वेगळा कार्यक्रम आखण्याची आम्हाला कधी गरज भासली नाही. २४ तारखेच्या संध्याकाळी मुले अंगणात बसून गोष्टी सांगतात आणि ऐकतात. २५ तारखेच्या सर्वधर्म प्रार्थनेत गिरिप्रवचनातील काही भाग मराठीतून वाचला जातो, आणि बहुधा एखाद्या पाहुण्यानेच तो वाचावा असा आमचा प्रयत्न असतो. २६ तारखेला आनंदवनाविषयी बोलणे होते. वरोऱ्याजवळच्या त्या माळरानावर काम करून आलेले कोणी ना कोणी त्या दिवशी आमच्यात असतेच.

या सगळ्यात मला सर्वाधिक प्रिय असलेली संध्याकाळ रोडग्यांची. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगते. गहू जाडसर दळून आणायचा, त्या कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून ती घट्ट भिजवायची. लहान-लहान पाऱ्या लाटून प्रत्येकीला तेल लावायचे, एकीवर एक ठेवून त्या एकमेकींत गुंडाळायच्या आणि बाहेरून मोठा गोळा बंद करायचा, म्हणजे भाजल्यावर आत पदर सुटतात. दुसरीकडे गोवऱ्या रचून जगरा पेटवायचा. ज्वाळा ओसरून नुसता लाल विस्तव राहिला की त्यात गोळे ठेवायचे, उलटसुलट करत सगळीकडून शेकायचे आणि शेवटी गरम राखेत पुरून ठेवायचे. येथेच शहरातील माणसांची घाई होते. गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ चिमटा घेऊन पुन्हापुन्हा राख उकरून बघत होते, तेव्हा स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आमच्या मावशी त्यांना म्हणाल्या, “भाऊ, रोडग्याले घाई चालत नाई. वरून लाल दिसते, पण आत कच्चा राहते. तुम्ही तोवर वांगे चिरा.” त्यांनी मुकाट्याने चिमटा खाली ठेवला आणि वांगी चिरायला घेतली. राख झटकून रोडगा फोडला की आतून वाफ येते. त्यावर तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. त्या पंगतीत प्रत्येकाने काही ना काही केलेले असते. कोणी गोवऱ्या आणलेल्या असतात, कोणी पाऱ्या लाटलेल्या असतात, कोणी धुरात डोळे चोळत बसलेले असते. वाढणारे आणि जेवणारे असे दोन पक्ष तेथे उरत नाहीत. पैसे मोजून विकत घेतलेल्या जेवणात ही गोष्ट येणे शक्य नाही, असे मी अनुभवाने म्हणते.

थंडीविषयी आधीच सांगणे आवश्यक आहे. नागपूर म्हणजे ऊन, एवढेच ज्यांना ठाऊक आहे त्यांची येथे फसगत होते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि उघड्या शेतांच्या मध्ये गारठा शहरापेक्षा अधिक जाणवतो. या दिवसांत सूर्य पावणेसातनंतर उगवतो. त्याआधीचा तास फार कडक असतो. अंघोळीचे पाणी आम्ही बंबात तापवतो आणि बंबाला जळण म्हणून गेल्या हंगामातल्या तुराट्या आणि पऱ्हाट्या वापरतो. बंब पेटवण्याची पाळी पाहुण्यांकडेही येते. महाविद्यालयात जाणारी मुले सुरुवातीला या पाळीला नाखूश असतात. दोन दिवसांनी मात्र बंबाभोवतीची जागा हीच केंद्रातली सर्वांत गप्पांची जागा होते, हे मी दरवर्षी पाहते.

एका प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आम्हाला अद्याप मिळालेले नाही. सुट्टीत येणाऱ्यांमध्ये लेकरांना घेऊन आलेली कुटुंबे असतात, तशीच एकटी आलेली माणसेही असतात. कोणाचा जोडीदार त्याच वर्षी गेलेला असतो, कोणाची मुले परदेशात असतात आणि सगळीकडे सुट्टीचा उत्साह असताना घरात एकट्याने बसणे असह्य झालेले असते. त्यांना शांतता हवी असते. मुलांना धावायचे असते. मध्यंतरी कार्यकारिणीच्या बैठकीत असा विचार मांडला गेला की, या काळात मुलांना प्रवेशच देऊ नये. मी त्याला विरोध केला आणि आजही माझे मत बदललेले नाही. ज्यांना पूर्ण मौन पाळायचे आहे त्यांच्यासाठी नागपूरजवळ माहुरझरी येथे धम्मनाग हे विपश्यना केंद्र आहे. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात आर्य मौनाची शिस्त कसोशीने पाळली जाते. आमचे केंद्र त्या प्रकारचे नाही. आम्ही दुपारी जेवणानंतर दोन तास आणि रात्री नऊनंतर शांतता पाळतो, एकांत हवा असणाऱ्यांना विहिरीपलीकडच्या खोल्या देतो, आणि बाकी वेळ अंगण मुलांचे असते. एकट्याने राहायला आलेल्या एक निवृत्त शिक्षिका पहिल्या दिवशी मुलांच्या आवाजाने त्रासलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःहून त्यांना तुरीच्या शेंगा सोलायला घेऊन बसल्या. सगळ्यांच्या बाबतीत असे घडत नाही. काही जण अर्ध्यातून निघूनही जातात, आणि त्याचे मला वाईट वाटते.

३१ डिसेंबरच्या रात्री ध्वनिक्षेपक लावू द्यावा, अशी विनंती दरवर्षी होते. मद्य आणि ध्वनिक्षेपक या दोन्हींना केंद्रावर पूर्ण मनाई आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर कायद्याने बंधन आहेच. शासनाने काही ठरावीक दिवसांपुरती बारापर्यंत सवलत दिली तरी आम्ही ती घेत नाही. याचे कारण कुंपणापलीकडे आहे. ओलिताची वीज रात्रीच्या पाळीत असली की आमचा शेजारी शेतकरी त्या कडाक्याच्या थंडीत हातात बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी देत उभा असतो, आणि ज्यांना सकाळी वेचणीला जायचे आहे त्या बाया झोपलेल्या असतात. त्यांच्या गावात राहून त्यांची रात्र बिघडवण्याचा आम्हाला अधिकार नाही. त्या रात्री शेकोटीभोवती भजने होतात, तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, आणि ज्यांना जागायचे असते ते कुजबुजत जागतात.

आता पैशांचे. ठरावीक दर नसला तरी खर्च असतोच. धान्य, जळण, वीज, अंथरूण-पांघरुणांची धुलाई आणि वर्षभर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे पगार यांचा मोठा भाग याच पंधरवड्यातील देणग्यांतून निघतो. निघताना प्रत्येकाला त्या वर्षीचा दरडोई सरासरी खर्च लिहिलेला कागद दिला जातो; त्याहून अधिक देणे किंवा कमी देणे हे ज्याच्या-त्याच्यावर सोपवलेले असते. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असल्याने हिशेबाचे दरवर्षी लेखापरीक्षण होते आणि प्रत्येक रकमेची पावती मिळते. आयकरातील सवलत हवी असेल तर दोन हजारांहून अधिक रक्कम रोख देऊ नये, धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी. निश्चित दर लावले तर उत्पन्न वाढेल, असा सल्ला हितचिंतक देतात, आणि कदाचित ते खरेही असेल. परंतु दर लावला की पाहुणा ग्राहक होतो. ग्राहकाला संडास धुवायला सांगता येत नाही. मग ते काम पुन्हा गावातल्याच एखाद्या बाईच्या वाट्याला जाईल.

यंदा यायचे असेल तर नोव्हेंबर संपण्यापूर्वी कळवावे, कारण खोल्या थोड्या आहेत आणि पहिली पसंती किमान तीन दिवस राहणाऱ्यांना दिली जाते. सोबत जाड पांघरूण, कानटोपी, बॅटरी, स्वतःचे ताट-वाटी-पेला आणि धुळीत वापरता येतील असे कपडे आणावेत. खाण्याची पाकिटे आणू नयेत. संत्री बागेतून थेट मिळतात, आणि तोडणीच्या दिवशी बागवानाची परवानगी असेल तर मुलांना तोडणी पाहायलाही नेता येते. कामाची पाळी कोणती हवी ते कळवतानाच लिहिले तर आम्हाला सोयीचे होते; बंब आणि भांडी यांच्या पाळ्यांना नेहमीच माणसे कमी पडतात.