सहा मैलांचा चौकोन

मराठीत ‘टाउनशिप’ म्हटले की बिल्डरने उभारलेले गृहसंकुल डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात मात्र शेते, खडीचे रस्ते आणि विखुरलेली घरे मिळून बनणारा प्रशासनाचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे टाउनशिप. उपग्रहाच्या नकाशावर मिनेसोटाची शेतजमीन पाहताना मला आश्चर्य वाटले ते तिच्या काटकोनांचे: ओढा वाटेल तसा वळतो, रस्ता मात्र त्याची पर्वा न करता सरळ पुढे जातो.

या काटकोनांचे मूळ 1785 च्या जमीनविषयक अध्यादेशात आहे. स्वातंत्र्ययुद्धामुळे कर्जबाजारी झालेल्या तेव्हाच्या केंद्रीय सत्तेला कर बसवण्याचा अधिकार नव्हता, म्हणून पश्चिमेकडची जमीन मोजून विकायची असे ठरले. ती मूळ रहिवासी जमातींची होती, याची फिकीर फारशी कुणी केली नाही. त्याच वर्षी टॉमस हचिन्स यांच्या देखरेखीखाली ओहायो नदीच्या काठी, पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर मोजणीला सुरुवात झाली. 66 फुटांची साखळी, अशा 80 साखळ्यांचा एक मैल, सहा मैल लांबी-रुंदीचा एक चौकोन म्हणजे एक टाउनशिप आणि त्याचे प्रत्येकी 640 एकरांचे 36 भाग, असा हिशेब होता. त्यांतला सोळावा भाग शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवला जाई. म्हणजे वस्ती नंतर आली, तिची सीमा आधीच आखलेली होती.

अडचण एवढीच की पृथ्वी गोल आहे. रेखावृत्ते उत्तरेकडे एकमेकांच्या जवळ येत जातात, त्यामुळे असे चौकोन एकावर एक रचत गेले तर ते अरुंद होऊ लागतात. मोजणीदारांनी ही तूट-वाढ प्रत्येक टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या तुकड्यांवर ढकलली आणि पुढे, साधारणतः दर 24 मैलांवर, दुरुस्तीची रेषा घालून मोजणी नव्याने सुरू करण्याची पद्धत रूढ झाली. नाकासमोर जाणारा रस्ता भर शेतांत अचानक बाजूला सरकून पुन्हा सरळ होतो, त्याचे कारण पुष्कळदा ही रेषाच असते. मला तर ही वळणे फार आवडतात.

सगळ्याच राज्यांनी या चौकोनाला कारभार दिला नाही, आणि जिथे दिला तिथेही नियम वेगवेगळे आहेत. ओहायोत तीन निवडून आलेले विश्वस्त असतात. मिशिगनमध्ये पर्यवेक्षक, लिपिक, खजिनदार आणि दोन किंवा चार विश्वस्त मिळून मंडळ बनते. मिनेसोटाची पद्धत मला सर्वांत बोलकी वाटते. तिथे मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी वार्षिक सभा भरते, जमलेले मतदार आपल्यातूनच सभेचा अध्यक्ष निवडतात आणि येत्या वर्षी मालमत्ता कराची किती रक्कम उभी करायची, हे हात वर करून स्वतः ठरवतात. आपल्या ग्रामसभेशी या सभेचे नाते चटकन जुळते. कामेही घरगुती म्हणावीत अशीच आहेत: रस्त्यावर खडी टाकणे, बर्फ हटवणे, दफनभूमीची निगा राखणे, शेजारच्या गावाशी अग्निशमनाचा करार करणे. दोन शेतकऱ्यांचा कुंपणावरून वाद झाला तर तो पाहायला टाउनशिपच्या मंडळावरील पर्यवेक्षकांनीच जायचे, आणि उपद्रवी तणांचे निरीक्षकही कायद्याने तेच असतात.

शेजारचे शहर वाढले की ते कडेची जमीन आपल्या हद्दीत ओढते आणि मूळ चौकोनाला भोके पडतात. लोकसंख्या फारच घटली तर टाउनशिपचा कारभार विसर्जित होऊन तो काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या वरच्या घटकाकडे, जातो. त्यानंतर सभा भरत नाही आणि मंडळही उरत नाही, पण तिथली शेतजमीन विकताना खरेदीखतात भागाचा, टाउनशिपचा आणि रांगेचा (टाउनशिपांच्या उत्तर-दक्षिण ओळीचा) जुना मोजणी क्रमांक अजूनही लिहावा लागतो.