एका शिक्क्यासाठी अडीच महिने

घाईत असाल तर एवढं वाचून उठा: ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेल्याचं कळलं की १९३० हा सरकारी सायबर मदतीचा नंबर लावायचा, आणि ज्या मोबाईलवर घोळ झाला त्यावरून नाही, शेजाऱ्याच्या मोबाईलवरून लावायचा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. खरं तर मला भामट्यांवर फार लिहायचंच नाहीये. त्यांनी त्यांचं काम चोख केलं. माझा राग आहे तो बँकेच्या एका खिडकीवर.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे, आप्पा गावी शेती बघतात. २०२४ च्या डिसेंबरात त्यांनी १३ क्विंटल कापूस सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, घातला. हमीभाव ७५२१ रुपये, पण ओलावा ११ टक्के भरला. ८ च्या वर जेवढे टक्के, तेवढी भावात कपात. ती जाऊन खात्यावर ९४,८३९ रुपये आले. मधल्या व्यापाऱ्याला न देता सरकारी केंद्रावर घातला म्हणून आप्पा खुशीत होते. आठवडाभर टिकली ती खुशी.

फोन आला तेव्हा ते ओट्यावर बसलेले. पोरगा स्वच्छ मराठीत बोलत होता. "काका, पीएम किसानचा १९ वा हप्ता तुमचा अडकलाय, केवायसी अपूर्ण दिसतेय." नाव, गाव, खात्याचे शेवटचे चार आकडे, सगळं त्याच्याजवळ होतं. त्याने व्हॉट्सअॅपवर एक फाईल पाठवली. नाव शुद्ध सरकारी, शेवटी बारीक अक्षरात 'डॉट एपीके', म्हणजे दाबलं की मोबाईलवर थेट अॅप टाकणारी फाईल. आप्पांनी ती दाबली. मोबाईलने दोनदा विचारलं की अनोळखी अॅप टाकू का, मेसेज वाचायची परवानगी देऊ का. पलीकडून पोरगा "होय म्हणा काका" म्हणत होता. मग म्हणाला, "आता मोबाईल पालथा ठेवा, सर्व्हर चालू आहे, हात लावू नका." आप्पांनी मोबाईल पालथा घातला आणि वर चष्म्याची डबी ठेवली, कुणी चुकून उचलू नये म्हणून! त्या डबीखाली ओटीपी येत होते आणि परस्पर पुढे जात होते. ४९,९९९, मग २५,०००, मग १९,०००.

माझा चुलतभाऊ सहज आला, त्याने मोबाईल उलटा केला आणि मला फोन लावला. मी पहिलं काय केलं असेल तर आप्पांवर ओरडलो. ती दोन मिनिटं वाया गेली, ती तुम्ही वाया घालवू नका.

१९३० तीनदा व्यस्त लागला, चौथ्यांदा लागला. पलीकडची बाई शांत होती. खातं कोणत्या बँकेत, रक्कम किती, वेळ काय, आणि प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी नंबर. तो नंबर बँकेच्या मेसेजमध्ये असतो, म्हणून घाबरून मेसेज पुसू नका. आधी मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्या मोबाईलने स्क्रीनचे फोटो काढा, मग ते अॅप उडवायचं काय ते बघा. थोड्या वेळात तक्रारीचा नंबर मेसेजने आला, रात्री सायबरक्राइम पोर्टलवर उरलेली माहिती भरली. दोन दिवसांनी कळलं की ६१,४९९ रुपये पुढच्या खात्यांमध्ये अडवून ठेवलेत. उरलेले ३२,५०० एटीएममधून निघून गेले होते. मला वाटलं, चला, निम्म्याहून जास्त वाचले, आता महिनाभरात येतील.

इथून खिडकी सुरू होते.

अडवलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. आमच्या वेळी त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. (जुन्या वकिलांच्या तोंडी अजून आधीच्या कायद्यातलं कलम ४५७ च आहे.) त्या अर्जाला आणि पोलिसांच्या कागदांनाही एक गोष्ट लागते: व्यवहारांचे पूर्ण नंबर असलेला, शाखेचा शिक्का मारलेला खातेउतारा. एक कागद, एक शिक्का.

पहिल्यांदा गेलो तर खिडकीतला म्हणाला, "मोबाईलवरून काढून घ्या." मी म्हटलं, मोबाईल सेवा तुम्हीच बंद केलीय आणि शिक्का मोबाईलमधून निघत नाही. दुसऱ्यांदा गेलो, प्रिंटर बंद. पासबुक भरून दिलं, त्यात १२ आकड्यांपैकी सात छापलेले, बाकीचे रेघेबाहेर गेलेले. तिसऱ्यांदा सांगितलं, "खातेदार स्वतः पाहिजे." मग आप्पांना एसटीने आणलं, सोबत मायने दिलेली कळण्याची भाकरी. ती आम्ही बँकेच्या पायरीवर बसून खाल्ली, कारण साहेब मीटिंगला होते आणि साहेबांशिवाय काही होणार नव्हतं. चौथ्या खेपेला सही जुळेना. आप्पांची खात्यावरची सही वीस वर्षांपूर्वीची, आता हात थरथरतो. पाचव्या खेपेला उतारा निघाला! सगळे नंबर पूर्ण. पण शिक्का साहेबांच्या कप्प्यात, कप्प्याला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब जळगावला.

परतताना एसटीत आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या चोरनी अर्धा तासमा काम करं, यासले शिक्का माराले दोन महिना लागनात."

याच काळात मी लेखी तक्रारही दिली होती, गेलेल्या ३२,५०० साठी. रिझर्व्ह बँकेचं तेव्हा २०१७ चं परिपत्रक होतं: ग्राहकाने न केलेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला आणि चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून बाहेरच्या कुणाची असेल, तर भार ग्राहकावर नाही. आणि चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. तिसऱ्याच दिवशी मी तो अर्ज खिडकीत दिला आणि पोच मागितली. त्याने अर्ज टेबलाच्या काचेखाली सरकवला. "देतो ना पोच. विश्वास नाही का?" मी लाजलो. होय, लाजलो, आणि तसाच निघालो. पुढच्या आठवड्यात काचेखाली गणपतीचा फोटो होता, अर्ज नव्हता. कुणाला ठाऊकही नव्हता.

म्हणून सांगतो, पोच मागायला लाजू नका. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का. पुढे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेला लेखी तक्रार दिल्याचं दाखवावं लागतं, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तरच दार उघडतं. पोच नसेल तर ते ३० दिवस मोजायचे कुठून? माझ्याकडे १९३० च्या तक्रारीची तारीख होती म्हणून थोडक्यात वाचलो.

शेवटी एक निवृत्त पोस्टमास्तर दुकानात युरिया घ्यायला आले, त्यांनी तोडगा दिला. दोन्ही अर्ज, उताऱ्याचा आणि तक्रारीचा, एकाच पाकिटात रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह पाठवायचे, आणि एक प्रत बँकेच्या मुख्य कार्यालयातल्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला. त्याचा पत्ता बँकेच्या वेबसाईटवर असतो. खर्च शंभराच्या आत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोचपावतीचं कार्ड परत आलं, त्यावर त्याच शाखेचा गोल, जांभळा, स्पष्ट शिक्का! पोस्टमनसमोर तो लगेच सापडला होता. (१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे आता स्पीड पोस्टाने पाठवा.) नंतरच्या आठवड्यात साहेबांचा स्वतःचा फोन, "उतारा तयार आहे, घेऊन जा, चहा घ्यायला या." चहा घेतला नाही.

कोर्टाचं काम त्यामानाने सरळ झालं. अर्ज, पोलिसांचं म्हणणं, बंधपत्र, आदेश, आदेशाची प्रमाणित नक्कल. नक्कल दोन जास्तीच्या काढा, लागतात. जुलैत ६१,४९९ रुपये आप्पांच्या खात्यावर आले. ३२,५०० साठी बँकेचं एका ओळीचं उत्तर आलं की ओटीपी तुमच्याच मोबाईलवर आला होता. ते लोकपालाकडे टाकलंय, निकाल अजून नाही. आणि तो १९ वा हप्ता? २४ फेब्रुवारीला आपोआप जमा झाला. आप्पांची केवायसी कधीचीच पूर्ण होती.

आठवलं म्हणून दोन गोष्टी. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन आला असेल, तर १९३० ला त्रास देऊ नका. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' म्हणून सोय आहे, तिथे नंबर कळवा. आपल्या नावावर किती सिम आहेत तेही तिथेच दिसतं. आप्पांच्या नावावर एक अनोळखी निघालं, बंद केलं. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. दुकानात हे मी रोज कुणा ना कुणाला सांगतो. व्हिडिओ कॉलवर अटक करणारा पोलीस भेटला तर खुशाल फोन कापा, कायद्यात तशी अटकच नाही.

नंबरावरून ओळखा म्हणतात. बँकांनी कामाचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून करावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. चांगलंच आहे. पण आमच्या शाखेतला माणूस अजून स्वतःच्या खाजगी मोबाईलवरून फोन करतो, मग आप्पांनी खरा-खोटा ओळखायचा कसा?

परवा तसंच झालं. आप्पांना फोन आला, बँकेतून बोलतोय, वारसाचा फॉर्म अपुरा आहे, आधार नंबर सांगा. मी शेजारीच होतो, आवाज ओळखला, काचेखालचाच माणूस. मी काही बोललो नाही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेखी धाड. पोच मी देसू."