शिट्टी नसलेले कोच

सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी लिही म्हणून बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा सगळ्यांना वाटलं मी आपल्या कबड्डीच्या टीमबद्दल लिहिणार. मला मात्र एका अमेरिकन कोचबद्दल लिहायचंय, पण सुरुवात कबड्डीपासूनच आहे. दहावीत असताना एका मंडळाच्या सरावात, मॅच नाही हां, नुसत्या सरावात, चौघांनी धरून आपटलं आणि माझं खांद्याचं हाड मोडलं. ती स्पर्धा गेलीच, पण मनातली भीती त्यानंतर कधी गेली नाही.

पुढे शिकायला मिनेसोटात कॉलेजव्हिलच्या सेंट जॉन्सला गेलो, बेनेडिक्टाइन साधूंचं छोटंसं कॉलेज, भोवती जंगल आणि तळं. तिथले फुटबॉल कोच जॉन गॅग्लियार्डी. तिकडचा फुटबॉल म्हणजे बॉल हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचं, आपल्या पकडीसारखंच, फक्त हेल्मेट घालून. पहिल्यांदा त्यांचा सराव बघायला गेलो तर कुणी कुणाला पाडतच नव्हतं! शिट्टी नाही, वजनं उचलायची सक्ती नाही, जास्तीत जास्त दीड तासात सगळं आटोपलेलं. आणि एक व्यायाम तर असा की गवतावर उताणं पडायचं आणि शेजारच्याला सांगायचं, काय छान दिवस आहे. मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो, माझ्या वेळी असं कुणी का नव्हतं हेच डोक्यात.

हे त्यांना कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नव्हतं. १९४३ मध्ये कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडला त्यांच्या शाळेचे कोच युद्धावर गेले, आणि १६ वर्षांच्या जॉननीच टीम हातात घेतली, मग स्वतः खेळताना जे जे नकोसं वाटायचं ते सरळ बंद करून टाकलं. १९५३ ला सेंट जॉन्सला आले ते २०१२ पर्यंत तिथंच, करिअरमधले एकूण विजय ४८९, कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे कुणाचेच नाहीत. आणि हे डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात, जिथं खेळावर स्कॉलरशिप मिळतच नाही!

त्यांना कोच म्हटलेलं चालायचं नाही, नुसतं जॉन. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपण नावानं कसं हाक मारणार, माझ्या तोंडून सरच निघायचं.

२००३ च्या नोव्हेंबरमध्ये बेथेल कॉलेजच्या टीमला हरवून ४०९ वा विजय झाला, सर्वाधिक विजयांचा एडी रॉबिन्सन या कोचचा विक्रम मोडला, त्या गर्दीत मी होतो, गळा पार बसला होता. डिसेंबरमध्ये डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय फायनलला त्याच पोरांनी सलग ५५ मॅच जिंकलेल्या माउंट युनियन कॉलेजला हरवलं. सरावात कधी कुणाला न पाडलेली पोरं ती.

२०१८ ला जॉन गेले. आता मी रविवारी आपल्याच ग्राउंडवर पोरांची कबड्डी घेतो, सरावात पकड धरायची आणि तिथंच सोडायची, आपटायचं नाही, आणि शेवटी सगळी पोरं मातीत उताणी पडून ओरडतात, आज दिवस लई भारी हाय!