फायलेन्सिन विकत घ्यायचं की लॅबमध्ये बनवायचं? माझा अनुभव

मोतीबिंदूवर काम करते म्हटलं की ऐकणाऱ्याला क्रिस्टॅलिन, म्हणजे डोळ्याच्या भिंगातलं मुख्य प्रथिन, आठवतं. माझ्या वाट्याला मात्र भिंगाच्या सांगाड्यातली दोन प्रथिनं आली, फायलेन्सिन आणि फाकिनिन. त्यांची जनुकं बीएफएसपी१ आणि बीएफएसपी२. भिंगातल्या तंतुपेशी मोठ्या होताना केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया, सगळं टाकून देतात. हा सांगाडा टिकतो. दोघं मिळून बारीक तंतू तयार करतात, त्यावर अल्फा-क्रिस्टॅलिनचे मणी बसतात, म्हणून नाव 'बीडेड फिलामेंट'. २००० साली फाकिनिनच्या जनुकातले दोन बदल लहान वयातल्या मोतीबिंदूशी जोडले गेले. एकात २८७व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी ट्रिप्टोफॅन येतं, दुसऱ्यात २३३वं ग्लुटामिक आम्लच गळतं. पहिल्या बदलाने तंतू बनण्यात काय फरक पडतो, हे मला पाहायचं होतं.

आधी अर्थातच कॅटलॉग चाळले. रिकॉम्बिनंट, म्हणजे दुसऱ्या पेशींकडून बनवून घेतलेलं, मानवी प्रथिन मिळतं, पण मायक्रोग्रॅममध्ये. त्यातही कुठे प्रथिनाचा तुकडाच, कुठे त्याला जीएसटी या दुसऱ्या प्रथिनाचं सव्वीस किलोडाल्टन वजनाचं शेपूट. वेस्टर्न ब्लॉटला, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन ओळखायच्या चाचणीला, पॉझिटिव्ह कंट्रोल (खात्रीचा नमुना) हवा असेल तर तेवढं पुरे. माझंही मत असं की त्यासाठी बनवत बसू नये. पण तंतू उभे करायचे तर मिलिग्रॅममध्ये लागतं आणि शेपूट आडवं येतं. शिवाय कोटेशन, आयात, कस्टम्स, वाटेत विरणारा ड्राय आइस. मॅडम म्हणाल्या, "एवढ्या पैशात जीन सिंथेसाइज होऊन येईल." आलंही. कोडॉन, म्हणजे जनुकातले तीन-तीन अक्षरांचे शब्द, ई. कोलाय जिवाणूला सोयीचे करून घेतले, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचा फॉर्म भरला, आणि काम सुरू.

प्रथिन भरपूर तयार होतं, पण सगळं इन्क्लुजन बॉडीजमध्ये, म्हणजे जिवाणूच्या पोटात अविद्राव्य गोळा. इंटरमीडिएट फिलामेंट या तंतू-प्रथिनांच्या कुटुंबात हे नेहमीचंच, आणि खरं तर ते सोयीचं पडतं. पेशी फोडायच्या, गाळ ट्रायटन या डिटर्जंटने धुवायचा, मग ट्रायटन काढायला पुन्हा धुवायचा. सुरुवातीचा गाळ डीएनएमुळे शेंबडासारखा ताणला जातो; डीएनए तोडणारं न्यूक्लिएज आणि सोनिकेशन (ध्वनिलहरींचे झटके) यांच्यानंतर खाली खडूसारखा पांढरा थर बसू लागला की समजायचं, जमतंय. तो आठ मोलर युरियात विरघळवायचा. युरिया विरघळताना बीकर इतका गार पडतो की बाहेरून दव धरतं, आणि घाई झाली की हात हॉटप्लेटकडे जातो. तिथे आवर घालावा लागतो. तापलेल्या किंवा जुन्या युरियात सायनेट तयार होतं आणि ते लायसिनला चिकटतं. दर चिकटण्याला वजन त्रेचाळीस डाल्टनने वाढतं, आणि तंतू नीट जुळेनासे होतात. म्हणून युरिया त्याच दिवशी करायचा आणि आयन शोषणाऱ्या रेझिनवरून फिरवून घ्यायचा.

फायलेन्सिन त्यातलं खोडकर. हिशेबाने वजन साधारण पंचाहत्तर किलोडाल्टन, पण वजनानुसार प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलवर पट्टा शंभराच्याही वर. पहिल्यांदा पाहणारा हमखास चक्रावतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीने शंका फिटली. त्याची स्वतःची शेपूट, म्हणजे प्रथिनाचं शेवटचं टोक, फार नाजूक; प्रथिनं तोडणारे प्रोटीएज ती लगेच कुरतडतात. हिस्टिडिन टॅग, म्हणजे शुद्धीकरणासाठी जोडलेला निकेलला चिकटणारा छोटा तुकडा, सुरुवातीच्या टोकाला असला की शेपूट तुटलेले तुकडेही निकेल कॉलमला तितक्याच प्रेमाने चिकटतात. आम्ही टॅग शेवटच्या टोकाला नेला आणि नंतर युरियातच आयन एक्स्चेंज (विद्युतभारानुसार प्रथिनं वेगळी करणं) लावलं. निकेलवर डीटीटी (गंधकाचे बंध तोडणारं रसायन) टाळलेलं बरं, कॉलम तपकिरी पडतो. ते पुढच्या बफरमध्ये घालायचं.

मग डायलिसिस, म्हणजे प्रथिन सच्छिद्र पिशवीत ठेवून बाहेरचा बफर बदलत युरिया काढणं, आणि खरी परीक्षा इथेच. जेलवर एकच स्वच्छ पट्टा दिसतोय म्हणून प्रथिन कामाचं आहे असं समजू नये. या जोडीतलं कुठलंच प्रथिन एकट्याने लांब तंतू करत नाही. म्हणून दोन्ही युरियात असतानाच मिसळायची, तीन भाग फाकिनिनला एक भाग फायलेन्सिन, आणि युरिया टप्प्याटप्प्याने उतरवायचा: सहा, चार, दोन, शून्य मोलर. बफरमध्ये मीठ जवळजवळ नाही, डीटीटी मात्र हवंच. शेवटच्या टप्प्यात पिशवी उजेडाकडे धरून बघायची सवयच लागली. ढगाळ दिसली की गाळ. नितळ असली तर छोट्या तुकड्यांच्या रूपात प्रथिन वाट पाहत असतं. मीठ वाढवलं की जोडणी सुरू.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा स्लॉट आमच्या हातात नसतो, त्यामुळे युरॅनिल ॲसिटेटने रंगवलेल्या ग्रिड्स (नमुना ठेवायच्या बारीक जाळ्या) डबीत ठेवून ताटकळणं आलं. स्क्रीनवर आधी नुसते चुरे दिसत होते. शेजारच्या चौकटीत सरकवल्यावर तंतू दिसले, दहाएक नॅनोमीटर जाड, एकमेकांवरून गेलेले. ऑपरेटर काका म्हणाले, "ताई, फोकस झालंय, आता फोटो घ्या," तेव्हा लक्षात आलं की मी नुसतीच बघत बसले होते.

क्रिस्टॅलिन अजून घातलेलं नाही, मणी नंतर बघू. आता बदललेल्या फाकिनिनची बॅच चालू आहे. त्याची पिशवी दोन मोलरलाच धुरकट दिसतेय, पण एका बॅचवरून मी काही बोलणार नाही. मॅडमही बोलू देणार नाहीत. उरलेला स्टॉक युरियातच छोट्या ट्यूबांत भरून उणे ऐंशीला ठेवलाय. शेजारच्या लॅबने अँटिबॉडी तपासायला थोडं फायलेन्सिन मागून नेलं आणि आता तेही संपत आलंय. सोमवारी परत दोन लिटर जिवाणूंचं कल्चर लावायचं आहे.