तालुका कोर्टातल्या जजविरुद्ध तक्रार केली, त्याचा माझा अनुभव

आधी एक स्पष्ट सांगते, निकाल विरोधात गेला म्हणून मी तक्रार केलेली नाही. निकाल चुकला तर त्याला अपील असतं. माझी तक्रार वेगळीच होती.

आईचा वडिलोपार्जित जमिनीतल्या हिश्श्याचा दावा, मामांविरुद्ध, तालुक्याच्या दिवाणी कोर्टात. युक्तिवाद संपले, निकालाच्या तारखा पडत राहिल्या आणि एक दिवस दुपारी आमचा पुकारा झाल्यावर जजसाहेब फक्त "दावा नामंजूर" म्हणाले आणि लगेच पुढची केस घेतली. आईला कळलंच नाही काय झालं ते, ती तशीच उभी. ठीक आहे, हरलो, जिल्हा कोर्टात जाऊ म्हणून त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकला. तर नक्कलच मिळेना! नक्कल विभाग बेंच क्लार्ककडे पाठवायचा, तो म्हणायचा फाईल स्टेनोकडे आहे, आणि स्टेनो काही बोलायचाच नाही. शेवटी वकीलसाहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, जजमेंट लिहूनच झालेलं नाही अजून."

म्हणजे निकाल सांगून टाकला, पण तो का दिला हे कागदावर कुठेच नाही. अपीलाची मुदत 30 दिवस, नकलेला लागलेला वेळ त्यातून वजा होतो हे खरं, पण स्टे मागायचा तर निकालात कारणं काय दिलीत ते वरच्या कोर्टाला दाखवायला नको का? आणि तिकडे मामांच्या शेतावर गिऱ्हाईकं येऊन बांध बघून जात होती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 20 मध्ये लिहिलंय की युक्तिवाद संपल्यावर निकाल शक्यतो 30 दिवसांत द्यायचा, खास कारण असेल तरी सहसा 60 दिवसांच्या पुढे जायचं नाही, आणि निकाल सांगितला की पक्षकाराला प्रत लगेच मिळाली पाहिजे. कर्नाटकातल्या एका न्यायाधीशांनी असंच निकालपत्र तयार नसताना शेवटचा भाग कोर्टात वाचून दाखवला होता, त्यांची बडतर्फी सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये कायम ठेवली. हे वाचल्यावर माझी खात्री झाली की ही साधी दिरंगाई नाही.

आता तक्रार कुठे करायची. लोक काहीही सांगतात, कोणी म्हणे महाभियोग, कोणी म्हणे कलेक्टर. न्यायाधीशांपैकी महाभियोग फक्त हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींवर चालतो. खालच्या कोर्टांवर घटनेच्या कलम 235 प्रमाणे हायकोर्टाचं नियंत्रण, त्यामुळे अर्ज मुंबई हायकोर्टाच्या रजिस्ट्रार जनरलना आणि एक प्रत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना. (कोणी पैसे मागत असेल तर लाचलुचपत विभागाकडेही जाता येतं, डिसेंबर 2024 मध्ये साताऱ्याच्या सत्र न्यायाधीशांवर गुन्हा दाखल झाला तो तिथूनच. आमच्याकडे पैशाचा विषयच नव्हता.)

घरच्यांना सगळ्यात जास्त भीती होती ती कोर्टाच्या अवमानाची. पण 1971 च्या अवमान कायद्याचं कलम 6 जरूर वाचा, खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाबद्दल सद्हेतूने हायकोर्टाकडे केलेली तक्रार हा अवमान होत नाही. वकीलसाहेबांनी मात्र सही करायला नकार दिला, म्हणाले मला रोज त्याच कोर्टात उभं राहायचंय. मला त्यांचा राग नाही आला, त्यांचं पोट त्यावर आहे.

मसुदा मीच केला. 2014 पासून सुप्रीम कोर्टाच्या सूचना आहेत की शपथेवरचं ॲफिडेव्हिट आणि पडताळता येईल असा पुरावा नसेल तर अशी तक्रार विचारातच घेऊ नये, निनावी पत्राचं तर नावच नको. त्यामुळे "मामांशी संगनमत असेल", "मुद्दाम केलं" असलं एक वाक्यही लिहिलं नाही, मनात कितीही आलं तरी. फक्त कागद जोडले. रोजनाम्याची (कोर्टात त्या दिवशी काय झालं त्याच्या नोंदीची) नक्कल, त्यात "निकाल खुल्या न्यायालयात जाहीर" अशी नोंद. आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे माझा नकलेचा अर्ज, ज्यावर नक्कल विभागाने स्वतः शेरा मारला होता: "निकालपत्र विभागात प्राप्त नाही", खाली तारीख, सही, शिक्का. हा शेरा मी मागून घेतला होता, तोंडी उत्तरावर परत येऊ नका कधीच.

पोच आली, मग बरेच महिने काहीच नाही. मध्येच एकदम नक्कल मिळाली. निकालपत्रावर तारीख जाहीर केलेल्या दिवसाचीच, पण नकलेच्या मागच्या बाजूला अर्ज कधी आला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी या तारखा असतात, त्या मधलं अंतर लपत नाही. तीही पुरवणी ॲफिडेव्हिटला जोडून पाठवली, आणि अपील, स्टेचा अर्ज एकदाचा दाखल केला.

पुढे विभागीय चौकशी लागली आणि मला साक्षीला बोलावलं. चौकशी अधिकारी दुसरे एक जिल्हा न्यायाधीश, बंद खोली, सादरकर्ता अधिकारी (आरोपांची बाजू मांडणारा), आणि समोर तेच जजसाहेब, यावेळी खाली खुर्चीत बसलेले. मला वाईट वाटलं हे खरं सांगते, तालुक्याच्या कोर्टात रोजचा बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) केवढा असतो ते मी पाहिलंय. पण लिहून झालं नसेल तर तारीख पुढे ढकलावी, निकाल सांगून मोकळं होऊ नये. उलटतपासात विचारलं, "दावा हरलात म्हणून तक्रार केलीत ना?" मी म्हटलं, हरल्याचं अपील केलंय साहेब, ते वेगळं चालू आहे, ही तक्रार निकाल न लिहिता सांगितल्याची आहे. त्यावर पुढचा प्रश्न आला नाही.

शिक्षा काय झाली ते मला माहीत नाही. नियमांत ठपका, वेतनवाढ रोखण्यापासून बडतर्फीपर्यंत सगळं आहे, पण मला पत्र आलं ते "योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे" एवढ्या एका ओळीचं. माहिती अधिकारात मागितलं तर सुप्रीम कोर्टाच्या 2012 च्या निकालाचा आधार देऊन, ही कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती आहे म्हणून नाकारलं. हे मला अजिबात पटत नाही, शपथेवर साक्ष द्यायला मी चालते तर शेवट कळायला का नको? त्याविरुद्ध पहिलं अपील टाकलंय. जमिनीला जिल्हा कोर्टातून स्टे मिळालाय, आईचा हिस्सा ठरायचा आहे अजून.